सुई कोणाच्या बोटात गेली होती

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात मी जेवायच्या टेबलाशी खुर्चीवर बसले आहे, कारण खाली वाकले तर उठवायला हे लागतात, आणि हे सध्या मला हसण्यात गुंतले आहेत.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना अजून कठडा धरून आडवा उतरतोस का? हे सगळं विचारायचा हक्क मी गेल्या आठवड्यात घालवून बसले आहे, ते मला ठाऊक आहे. तरी विचारते. हक्क नसताना विचारणं ही माझी लहानपणापासूनची सवय आहे आणि ती तूच लावलीस.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच कपाटावर ठेवशील, अशी मला भीती होती. म्हणून पत्ता यांच्या हातून लिहून घेतला आहे. (ही फसवणूक आहे, मान्य. पण आता माझ्या गुन्ह्यांची रास एवढी उंच झाली आहे की एकाने काही फरक पडत नाही.) आता फोडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस. निरोपाला उत्तर देत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. मी तर फोन आपटून ठेवला असता, पण हल्लीच्या फोनला आपटायची सोय नाही.

सगळं पहिल्यापासून सांगते. तू म्हणशील, मुद्द्यावर ये. येते. पण मुद्दा वाटेत आहे, त्याला वळसा घालून जाता येत नाही.

तुला माहीतच आहे की मी आमच्या इथल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत एका वर्गाला जात होते. फोनवर सुरक्षितपणे आणि सभ्यपणे कसं बोलावं, लिहावं, याचा वर्ग. मला त्यात घातलं यांनी. कारण असं झालं, की मी ग्रुपवर एकदा केळ्याचं साल उशीखाली ठेवल्याने झोप लागते असं पाठवलं, आणि आपल्या मामेभावाने, म्हणजे बारक्याने (सहा फुटी माणसाला हे नाव ज्याने ठेवलं त्याला काय म्हणावं!) ते करून बघितलं, आणि त्याच्या गादीला मुंग्या लागल्या. त्याची बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. मग हे म्हणाले, एक तर फोन टाक नाही तर शिकून घे. टाकायचा प्रश्नच नव्हता. गेले.

आणि खरं सांगते दादा, वर्ग फार चांगला होता. आमच्या बाई वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण समजावून सांगण्याची हातोटी अशी, की मागच्या बाकावर डुलक्या काढणारे निवृत्त पोस्टमास्तरसुद्धा सरसावून बसायचे. आपलंच नाव उलटं लिहिलं की पासवर्ड होत नाही, हे मला तिथे कळलं. (त्याच दिवशी घरी येऊन बदलला. नवा कोणता ते सांगणार नाही, तुलासुद्धा नाही.) आलेली बातमी पुढे ढकलण्याआधी ती खरी की खोटी बघावी. समोर माणूस बसला आहे असं समजून लिहावं. कोणाचा फोटो, कोणाचं खासगी बोलणं त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला दाखवू नये. हे शेवटचं तर बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि मी ते घरी आणून फ्रिजवर चिकटवलं. यांचा आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला एक सुंदर फोटो माझ्याकडे होता. तो ग्रुपवर टाकू का, म्हणून मी रीतसर परवानगी मागितली. मिळाली नाही. मी टाकला नाही. इतकी मी सुधारले होते.

वर्गात हे शिकवलं तेव्हा मी मनातल्या मनात थोडी हसलेही होते. म्हटलं, बाई, हे मला काय शिकवता! उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. कानाला हेडफोन आणि समोर बोर्ड. वायर या भोकातून काढ आणि त्या भोकात घाल. कोणाची सोयरीक मोडली, कोण कोणाच्या पाया पडतंय, कोण फोनवर नुसतंच रडतंय, सगळं कानावरून गेलं. एक अक्षर कधी बाहेर गेलं नाही. तू किती वेळा विचारायचास, आज काय ऐकलंस म्हणून, आणि मी म्हणायचे, ऐकायला मी नाही, जोडायला आहे. आठवतं ना? किती ऐटीत म्हणायचे!

असो. तर वर्गाच्या शेवटच्या आठवड्यात बाईंनी भामट्यांचा धडा घेतला. आपल्या माणसाचा फोटो लावून, नंबर बदलला आहे असं सांगून, आजारपणाचं कारण काढून लोक कसे फसवतात ते सांगितलं. भाषा नेहमीची वाटते का ते बघा, म्हणाल्या. त्या माणसालाच माहीत असेल असा एखादा प्रश्न विचारा, म्हणाल्या. मी सगळं टिपून घेतलं. घरी आले, चहा टाकला, फोन हातात घेतला, आणि तुझा निरोप आला.

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? अनोळखी नंबर. त्यावर तुझा फोटो, दुकानाच्या दारात उभा असलेला, मागे किल्ल्यांचे झुबके. आणि मजकूर हा. (पाठ झाला आहे मला. इतक्यांदा वाचला, की आता झोपेतसुद्धा म्हणेन.) "अगं मी दादा जुना फोन बादलीत पडला हा नवा नंबर आहे कशी आहेस तू गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय पुढच्या बुधवारी डॉक्टर म्हणतात घाबरायचं काही नाही पण मला भीती वाटते तू येशील का सोबतीला तुझी फार आठवण येते गं थांब गॅस बंद करतो."

दादा, देवाशपथ सांग, हा तू आहेस? ज्या माणसाने आजवर मला पाठवलेल्या निरोपांत "बरं", "हो", "पोचलो" आणि एक अंगठा याच्यापलीकडे काही नाही? वहिनी गेल्या तेव्हा मी पानभर लिहिलं होतं, त्याला तुझं उत्तर "हं." माझ्या वाढदिवसाला अंगठा. साठाव्याला दोन अंगठे. असा माणूस एकाएकी "कशी आहेस तू" विचारतो? "गं" म्हणतो? आठवण येते म्हणतो? मी तर पहिल्याच ओळीला ओळखलं की हा माझा भाऊ असणं शक्य नाही. माझा भाऊ इतका प्रेमळ नाही!

यांना दाखवलं. यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, बाकी ठीक आहे, पण ते शेवटचं गॅस बंद करतो म्हणजे काय? ही धमकी तर नाही? हे उठून आमचा गॅस बघून आले.

मी तुझा जुना नंबर लावला. बंद. झालं, म्हटलं, भामट्याने तोही बंद पाडला. नव्या नंबरावर फोन करायचा नाही, कारण भामट्याच्या नंबरावर फोन करू नये, हे मला माहीत. (तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा नंबर माझ्या डायरीत होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं. सुचला नाही. डोक्यात वर्ग गेला होता, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.) बरं, त्या निरोपात पैसेही मागितलेले नव्हते. त्यावर मी काय म्हणावं? मी म्हटलं, अजून मागत नाही म्हणजे किती पाताळयंत्री असेल बघा!

मग मी प्रश्न टाकला. चांगला विचार करून, फक्त आपल्या दोघांनाच माहीत असलेला. लहानपणी आईच्या शिलाई मशीनची सुई कोणाच्या बोटात गेली होती? उत्तर अर्थातच मला माहीत होतं. माझ्या. कारण मला सगळं लख्ख आठवतं. मशीनचा तो काळा दांडा, चाकाचा आवाज, ते रक्त, मी फोडलेला टाहो, मग दवाखाना, आणि बोटाला बांधलेली ती एवढी जाड पांढरी पट्टी. शाळेत ती मी सगळ्यांना दाखवली होती. असं आपलं दुखणं माणूस विसरतो का कधी?

आणि तुझं उत्तर आलं. "अगं माझ्या बोटात आणि रडलीस तू."

सापडला! मी आनंदाने ओरडलेच. हे बिचारे दचकून उठले, पुन्हा गॅस बघून आले.

इथून पुढचं लिहायला हात रेटत नाही, पण लिहिते. मी त्या निरोपाचा फोटो काढला. त्यावर बोटाने लाल रंगात गोल केले, एक "आठवण येते" भोवती आणि एक "मला भीती वाटते" भोवती. दुसरा जरा जाडच केला. आणि आपल्या "सगळे आपलेच" ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, सावधान, आपल्या दादाचं नाव आणि फोटो चोरून कोणी भामटा फिरतो आहे, भाषा बघा, दादा असं कधी बोलेल का? ताबडतोब ब्लॉक करा आणि तक्रार करा. मग तुझा नवा नंबर ब्लॉक केला. खबरदारी म्हणून जुनाही ग्रुपमधून काढला, न जाणो, तोही त्याच्या हाती लागला असेल. बारक्याने ग्रुपचं नाव बदलून "सगळे आपलेच (तपासलेले)" असं केलं. आणि लोक हसले, दादा. "मला भीती वाटते" खाली सगळे हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी ती पिवळी तोंडं रांगेने आली. कोणी लिहिलं, दादा आणि भीती! कोणी लिहिलं, भामट्याने अभ्यास कच्चा केला. मीसुद्धा एक तोंड टाकलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहून सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. पोस्टमास्तरांनी तर उठून हात जोडले. मी घरी आले ती जमिनीपासून वीतभर वरून चालत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल तेव्हा कुठे होता कोण जाणे.

आणि त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला. आपल्या सबंध खानदानात एकटी मावशीच अशी, की जिच्याकडे अजून भिंतीजवळच्या तिपाईवरचा फोन आहे. ती ग्रुपवर नाही, त्यामुळे तिला खरी बातमी होती. म्हणाली, अगं, बुधवारी तू त्याच्याबरोबर जाते आहेस ना? बिचारा तुला लिहिलं म्हणत होता. मी म्हटलं, कोणाला? कोणी? ती म्हणाली, दादाने, आणखी कोणी? नवा फोन घेतला त्याने, त्यात बोललं की आपोआप लिहिलं जातं म्हणे. फार खूश होता. म्हणाला, मावशी, इतकी वर्षं ती एवढाली पत्रं पाठवते आणि मला उत्तर द्यायचं असतं, पण या बोटांनी ती बारीक अक्षरं दाबली जात नाहीत. एक दाबायला जावं तर तीन उमटतात. आता सगळं बोलून टाकतो.

मी तिथेच खाली बसले. (म्हणजे वेताचा मोडा होता, त्यावर. पण बसले.)

दादा, मला काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, तुला बोलायचंच नसतं. कानशीने किल्ल्या घासघासून तुझी बोटं लाकडासारखी झाली आहेत, हे मी इतकी वर्षं बघत आले, आणि ती बोटं त्या एवढ्याशा अक्षरांवर कशी चालतील, हा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. तुझा "हं" मी मनाला लावून घेतला. तो "हं" लिहायला तुला किती वेळ लागला असेल! आणि ते गॅस बंद करतो! तू फोनशी बोलत होतास, मध्येच दूध वर आलं असणार, आणि तू मला म्हणालास, थांब. जसं समोर बसलेल्या माणसाला म्हणावं तसं. मी मात्र थांबले नाही.

मग मी मावशीला सुईचं विचारलं. एक आशा होती. निदान तेवढ्यात तरी मी खरी निघावी! मावशी हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, अगं वेडे, तुझ्या बाहुलीला झगा शिवत होता तो. आई शेजारी गेली होती. सुई त्याच्या बोटातून आरपार गेली, आणि तो तोंडातून ब्र काढेना. तू मात्र असं भोकाड पसरलंस की अख्खी गल्ली गोळा झाली. दवाखान्यात कंपाउंडरने आधी तुझाच हात धरला. त्याच्या बोटाला पट्टी बांधली तरी तू रडायची थांबेनास. मग तोच म्हणाला, हिलाही बांधा. म्हणून तुझ्या बोटालाही बांधली, तेव्हा कुठे गप्प झालीस.

मी फोन ठेवला आणि रडले. आता रडले ते मात्र माझंच होतं.

त्यानंतर मी तुझा नंबर मोकळा केला आणि फोन लावला. लावतच राहिले. तू उचलला नाहीस. तोवर तुला सगळं कळलेलं असणार. आपल्यात कोणी ना कोणी पुण्यवान असतोच जो सगळं इकडचं तिकडे दाखवतो. आणि मला कळलं, की तुला राग आला असेल तो ब्लॉक केल्याचा नसेल, भामटा म्हटल्याचाही नसेल. तू हसून सोडलं असतंस. राग त्या लाल गोलाचा असेल. जन्मात पहिल्यांदा तू कोणाला तरी सांगितलंस की भीती वाटते, आणि ते मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. विचारल्याशिवाय. फ्रिजवर कागद चिकटवलेला असताना! मला वाटलं, तो नियम माणसांसाठी आहे, भामट्याला काय विचारायचं? अरे, पण ते भामट्याचं जरी असतं, तरी कोणाची भीती ही काय हसायची गोष्ट आहे? एक्स्चेंजमध्ये परक्या माणसांचं रडणं मी जिवापाड सांभाळलं आणि माझ्या सख्ख्या भावाचं चव्हाट्यावर मांडलं. दादा, मी चुकले. मला क्षमा कर.

बाईंकडे गेले. म्हटलं, अहो, तो माझा खरा भाऊ निघाला. मग त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, ग्रुपवर काय लिहिलंत मग? मी म्हटलं, अजून काही नाही, हळूच तो फोटो काढून टाकते. त्या म्हणाल्या, काढा, पण हळूच नको. जिथे चुकलात तिथेच दुरुस्त करा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

पटलं. घरी येऊन मी लिहिलं. तो निरोप खऱ्या दादाचाच होता, चूक पूर्णपणे माझी आहे, त्याचं खासगी बोलणं मी सर्वांना दाखवलं याची मला लाज वाटते, मी त्याची आणि सर्वांची माफी मागते, फोटो कोणाकडे असेल तर कृपया पुसून टाका. चांगलं लिहिलं होतं, दोनदा वाचून पाठवलं. आणि थोड्याच वेळात हे दुसऱ्या खोलीतून फोन घेऊन धावत आले. म्हणाले, अगं, घात झाला, तुझ्या नावाने कोणीतरी माफी मागतंय!

मी म्हटलं, मीच मागते आहे. यांनी चष्मा लावून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तू?

ग्रुपवर तर हाहाकार उडाला. बारक्याने लिहिलं, सावधान, ताईचाही फोन भामट्याच्या ताब्यात गेला आहे, भाषा बघा, ताई कधी "चूक माझी आहे" असं म्हणेल का? सगळ्यांना पटलं. एकालाही शंका आली नाही, दादा, एकालाही! मी लिहिलं, अरे मीच आहे. बारक्या म्हणाला, सिद्ध करा, गादीला मुंग्या कोणामुळे लागल्या? मी लिहिलं, केळ्यामुळे. तो म्हणाला, चूक, ताईमुळे. आणि मला ग्रुपमधून काढून टाकलं. मीच सुरू केलेल्या ग्रुपमधून!

तर सध्या अशी परिस्थिती आहे, की आपल्या घराण्यात अधिकृत भामटे दोन, एक तू आणि एक मी. बाकी सगळे तपासलेले. हे आत बसून एकेकाला फोन करून समजावत आहेत, की ही खरीच माझी बायको आहे आणि तिने खरीच माफी मागितली आहे. पहिलं लोकांना पटतं, दुसरं पटत नाही.

मी तुझ्याकडे काही मागायला लिहीत नाही. मागायला तोंड नाही. बुधवारी तू शांतपणे जा, डॉक्टर चांगले आहेत असं मावशी म्हणाली. रिपोर्टांची पिशवी विसरू नकोस. घट्ट बुटांऐवजी सपाता घाल. तुला राग येऊ दे, पोटभर येऊ दे, त्याला मी ना म्हणणार नाही. फक्त एवढंच, की तुझा तो निरोप मी ठेवला आहे. गोल नसलेला. तो कोणालाही दाखवणार नाही.

मोठ्यांना नमस्कार सांगावा तर मावशीखेरीज आता आपल्यात मोठा तूच. तेव्हा तुलाच पुन्हा नमस्कार.

तुझीच,
(तपासून घे हवं तर)
धाकटी

ता. क. खिडकीशी बसून, भिंग लावून दोन्ही हातांची सगळी बोटं बघितली. खूण कुठेच नाही. कोथिंबीर चिरताना कापल्याची एक आहे, ती मोजत नाही. तुझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर नखाशेजारी एक पांढरा ठिपका आहे. तो मी इतकी वर्षं बघत आले आणि मला वाटायचं, ती किल्ल्यांची निशाणी आहे.

आणखी ता. क. वर लिहिलं आहे की काही मागायला लिहीत नाही. ते खोटं आहे. मला येऊ दे. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत येऊ दे, आणि बाहेर पडशील तेव्हा मला तिथे बसलेली असू दे. मी बोलणार नाही. (प्रयत्न करीन.) तुला भीती वाटली तर मला सांग, मी पुढे पाठवणार नाही. आणि अगदीच वाटली तर तुझ्या वाटची मी रडेन, मला ते चांगलं जमतं, मावशीला विचार.

अगदी शेवटचं ता. क. हे पेन्सिलने लिहिते आहे आणि अक्षर वाईट आहे, कारण मी तुझ्या जिन्यावर बसले आहे. टपालपेटीशी गेले, पत्र आत टाकायला हात नेला आणि वाटलं, हे बुधवारच्या आत पोचलं नाही तर? म्हणून तशीच घरी येऊन पिशवी भरली आणि बस पकडली. मघाशी तुझी बेल वाजवली. तू आतून विचारलंस, कोण? म्हटलं, मी. तू म्हणालास, मी कोण? म्हटलं, तुझी बहीण. तू म्हणालास, माझी बहीण सांगते की अनोळखी माणसाला दार उघडू नये, आधी प्रश्न विचारावा. सुई कोणाच्या बोटात गेली होती? मी उत्तर दिलं, तर म्हणालास, तोंडी चालणार नाही, लेखी दे, आणि लाल रंगात गोल कर. (आत तू हसत होतास की खोकत होतास ते दारातून कळलं नाही. खोकला असेल तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांग.) खालच्या शिक्षिकाबाईंकडून लाल पेन मागून आणलं आहे. उत्तर खाली लिहून गोल केला आहे, आणि तो चांगला जाड केला आहे.

( तुझ्या. रडले मी. )

हे आता दाराखालून आत सरकवणार, एवढ्यात आतून तुझा आवाज आला, "थांब, गॅस बंद करतो."

थांबले आहे. सावकाश ये, गुडघ्यावर जोर देऊ नकोस.